पाळीचे स्थपती

महाराष्ट्रात एखादे जुने दगडी देऊळ दिसले आणि त्याच्या सांध्यांत चुना आढळला नाही, की आपण ते हेमाडपंताच्या नावावर मांडून मोकळे होतो. यादवांचा हा मंत्री तेराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या जन्माआधीची देवळेही लोकांनी त्यालाच वाहिली आणि मृत्यूनंतरची तर वाहिलीच वाहिली. इतिहासाच्या काटेकोर न्यायाने हे चूक असेल; पण त्यामागची भावना मोठी सुंदर आहे. एवढी देखणी वस्तू कोणा माणसाच्या बुद्धीतून निघाली असली पाहिजे, त्या माणसाला नाव असले पाहिजे, आणि ते नाव आपण घेतले पाहिजे, असे लोकांना वाटले.

मातीच्या पाळीला मात्र असा हेमाडपंत लाभला नाही. पाणी अडवणारी पाळ ही आपल्या लेखी वास्तू नव्हेच. ती पाटबंधारे खात्याच्या वहीतली एक नोंद. वास्तुकला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कळस येतो, कमान येते, फार तर एखादा वाडा येतो. ज्या प्रदेशात कळस थोडे आणि पाळी हजारो, त्या प्रदेशाकडे मग आपण काय म्हणून पाहायचे? भंडारा जिल्ह्याविषयी बोलताना हा प्रश्न टाळता येत नाही. ‘तिकडे पाहण्यासारखे काय आहे?’ असे पुण्यामुंबईचा माणूस विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नात अज्ञान असतेच. पण वास्तुकलेची एक अपुरी व्याख्याही असते. ती व्याख्या थोडी ताणून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

भंडाऱ्याला मानमान्यतेच्या अर्थाने वास्तू नाहीत असे मुळीच नाही. वैनगंगेच्या काठचे पवनी घ्या. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथील जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या शतकांतला एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याचे कोरीव खांब निघाले. फणा उभारलेला मुचलिंद नाग निघाला आणि त्याच्याजवळ कोरलेले त्याचे नावही निघाले. खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कोणी खांब दिला, त्याची नोंद झाली. खांब घडवला कोणी, याची गरज त्या काळाला भासली नाही.

तुमसरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या गोंड राज्याच्या वतीने या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या राजखान पठाणाने तो सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकालात बांधला. पुढे भोसल्यांच्या अमलात त्याचा तुरुंग झाला, आणि आतल्या विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून कैद्यांचा अंत केला जाई, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. किल्ल्याच्या तटांत सामर्थ्य आहे, पण ती भिंत भयातून उभी राहिली आहे. आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवणे हेच तिचे काम.

स्तूपाला दात्याचे नाव मिळाले, किल्ल्याला सत्ताधीशाचे. बांधणाराचे नाव दोन्हीकडे नाही. आता ज्या बांधकामाकडे आपण वळणार आहोत, तेथे मात्र बांधणारी एक अख्खी जमातच आपल्यापुढे उभी राहते.

२

भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हे मिळून जो जुना भंडारा जिल्हा होई, त्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणत. चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग धरला तर पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत ते ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांनी त्याचे आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ करून टाकले. मामाचे नाते लावण्यात लोकांनी नकळत मोठे औचित्य साधले आहे. दिवाळीला ज्याच्या घरी हक्काने जावे, आणि ज्याने कधी रिकाम्या हाताने परत पाठवू नये, तो मामा!

या तलावांचे मुख्य कर्ते कोहळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या शेतकरी जातीची ओळखच मुळी मोठमोठ्या तलावांचे बांधकरी अशी करून दिली आहे. १९११ च्या शिरगणतीत त्यांची संख्या २६,००० च्या आसपास होती. एखाद्या मध्यम शहरातल्या दोन-चार पेठांत मावतील एवढी माणसे! चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथून त्याने या लोकांना आपल्या राज्यात आणले, अशी परंपरा आहे. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन मिळेल, असा गोंड राजांचा कौल होता, असेही परंपरा सांगते. या कौलातले शहाणपण लक्षात घ्या. राजा बक्षीस देत नाही. कारागिराने आपले बक्षीस आपल्या कौशल्याने मोजून घ्यायचे आहे. पाळ चुकली तर जमीन भिजणार नाही, आणि जमीन भिजली नाही तर हाती काही लागणार नाही. यापेक्षा कठोर टीकाकार कोणत्या कलेला मिळाला असेल?

तलावांची गरज काय होती, असाही प्रश्न कोणी विचारील. या भागात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याने हेवा करावा असा. पण धानाचे पीक मोठे लहरी. आषाढ-श्रावणात रोवणी होते, बांध्या तुडुंब भरतात, सगळीकडे हिरवे होते. आणि मग लोंब्या पोसायच्या वेळेला, हस्ताच्या सुमारास, आभाळ पाठ फिरवते. त्या पंधरा-वीस दिवसांत एक-दोन पाणी मिळाले तर कोठार भरते, न मिळाले तर तणसच हाती राहते. तलाव आहे तो या पंधरा दिवसांसाठी. दिवाळीत आपल्या ताटात पडणारे पोहे आणि भाऊबिजेनंतर या मुलखात गावोगाव भरणाऱ्या मंडया, त्यांतली दंडार आणि खडी गंमत, हा सगळा आनंद त्या पंधरा दिवसांच्या पाण्यावर तरलेला असतो.

३

आता तलाव वास्तू म्हणून पाहू. देवळापुढे उभे राहून आपण त्याची रचना वाचतो, तशी ती वाचता आली पाहिजे.

पहिली गोष्ट जागेची. देवळाचा स्थपती जागा सपाट करून घेतो आणि मग बांधायला लागतो; कोहळ्याला अशी मुभा नव्हती. त्याची निम्मी वास्तू निसर्गाने आधीच बांधून ठेवलेली असे. टेकड्यांचा अर्धा वेढा, त्यातून उतरणारे ओहोळ, आणि जेथून पाणी निसटते ती खिंड. ती खिंड नेमकी ओळखायची आणि कमीत कमी माती घालून बंद करायची, हे सारे कसब. हाती पातळी मोजण्याचे यंत्र नाही, कागदावर नकाशा नाही. पावसाळ्यात वाहते पाणी पाहत हिंडावे, ते कोठे थबकते, कोठे वळते, हे ध्यानात ठेवावे, आणि उन्हाळ्यात त्या आठवणीवर पाळ उभी करावी. पाण्याने आपला नकाशा स्वतःच काढून दिला होता. कोहळ्याने तो वाचला.

दुसरी गोष्ट पाळीची. तलावाची पाळ क्वचितच सरळ असते. ती जमिनीच्या कलाने वळते, टेकडीच्या खांद्याला जाऊन मिळते. तिच्यावर झाडे उभी राहतात, गाडीवाट जाते, एखाद्या देवाचा चौथरा असतो. परका माणूस तिच्यावरून चालत जातो आणि आपण एका बांधकामावरून चाललो आहोत हे त्याला कळतही नाही. मला हाच या कलेचा परमोत्कर्ष वाटतो. किल्ला डोंगरावर बसतो. पाळ डोंगराची होऊन जाते.

तिसरी गोष्ट सांडव्याची. या बाजूला त्याला सलंग असेही म्हणतात. नवशिका बांधणारा पाणी अडवण्याचा विचार करतो, जाणता बांधणारा ते सोडण्याचा विचार आधी करतो. मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहू लागले, की काही तासांत ती कापली जाते. म्हणून पाळीच्या माथ्याहून खाली, कठीण जमिनीवर, जादा पाण्याला वाट काढून द्यायची. आणि ही वाट अशी, की एका तलावाचे उतू गेलेले पाणी खालच्या तलावात पडावे, त्याचे त्याच्या खालच्यात. अशा माळा या प्रदेशात गावोगाव आहेत. वरच्याने आपल्यापुरते ठेवून घ्यावे आणि बाकीचे खाली सोडावे! नीतिशास्त्रावर ग्रंथ लिहून जे साधत नाही, ते येथे मातीच्या उंचीवर साधले आहे.

चौथी गोष्ट प्रमाणाची. मोठ्या तलावाबरोबर लहान बोड्याही आहेत. एकाच शेतकऱ्याच्या शेताच्या डोक्याशी असलेली बोडी म्हणजे तलावाचे लेकरूच. सबंध गावाचा तलाव, शेताची बोडी, आणि शेवटी चारी बाजूंनी धुरे घातलेली धानाची बांधी. एकच कल्पना तीन आकारांत. मोठ्या देवळाच्या शिखरावर त्याच शिखराच्या लहान प्रतिकृती रचलेल्या असतात, त्याची येथे आठवण होते. फरक एवढाच, की देवळातली पुनरावृत्ती डोळ्यांसाठी असते आणि ही पिकासाठी.

४

या शैलीची शिखरकृती कोणती म्हणून विचाराल तर नवेगाव बांधाचे नाव घ्यावे लागेल. आज हे स्थान गोंदिया जिल्ह्यात मोडते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला. जुन्या गॅझेटियरात त्याचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. साकोलीकडील शिवनीच्या तलावाचा घेर सात मैलांहून अधिक. भोवती टेकड्या, त्यांच्यात शिरलेली पाण्याची बोटे, आणि वळणावळणाचा काठ. कोठेही उभे राहा, सबंध तलाव एका नजरेत येत नाही. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९७५ साली या परिसरात राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मारुती चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाच्या मनात हे पाणी कायमचे जाऊन बसले. पण आपण तेथे जातो ते अरण्य पाहायला. हे पाणी मुळात एका पाटलाने केलेली रचना आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

लोकांनी मात्र कोलू पाटलाला विसरू दिले नाही. त्यांनी त्याचा ‘कोलासुर देव’ केला. तलावाभोवतीच्या ‘सात बहिणी’ नावाच्या टेकड्यांपैकी एकीवर त्याचे ठाणे आहे. सुशिक्षित माणूस याला भोळेपणा म्हणेल. मला वाटते, ही एक समीक्षाच आहे. लेखणी नसलेल्या समाजाला एखादी कृती अजोड आहे असे म्हणायचे असते, तेव्हा तो कर्त्याला शेंदूर लावतो. हेमाडपंताला आपण देवळे वाहिली. इथल्या लोकांनी कोलूला देवपण वाहिले.

५

आपल्या मातीतला कारागीर आणि बाहेरून आलेली कीर्ती यांचा हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा एक डोंगराळ, पावसाळी देश आहे. मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत शतकानुशतके राहिलेला. त्याच्या वास्तूंची नावे घ्या म्हटले, की कार्नार्वन, कॉनवी, हार्लेक, बोमॅरिस हे प्रचंड किल्ले लोक दाखवतात. पण ते इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने वेल्स जिंकल्यावर तेराव्या शतकात उठवलेले. त्यांचा मुख्य स्थपती जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा सॅव्हॉयकडून आलेला. उलट, ज्याचे घराणे वेल्समधले म्हणून सांगतात तो इनिगो जोन्स आपली कीर्ती लंडनमध्ये मिळवून बसला. देशातली प्रसिद्ध वास्तू परक्याने बांधलेली, आणि आपल्या वंशाचा प्रसिद्ध स्थपती परमुलखात!

या दोहोंच्या मध्ये विल्यम एडवर्ड्स उभा आहे. १७१९ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा, स्वतःच शिकलेला गवंडी, शिवाय धर्मोपदेशक. टाफ नदीवर पाँटिप्रीद येथे त्याने पूल बांधायला घेतला. १७४६ सालचा पहिला, अनेक कमानींचा पूल दोन वर्षांत पुरात गेला. पूल सात वर्षे टिकवण्याची हमी त्याने दिलेली होती, म्हणून नदीत एकही खांब नको असे ठरवून त्याने एकाच कमानीचा घाट घातला. तोही पुराच्या तडाख्याने पुरा होण्याआधीच कोसळला. पुन्हा बांधला, तर कमानीच्या खांद्यांवरचा भार इतका झाला, की मधला भाग वर उचलला जाऊन पूल फुटला. तेव्हा त्याने दोन्ही खांद्यांतून तीन-तीन गोल भोके आरपार ठेवली. भार हलका झाला. १७५६ साली पुरा झालेला १४० फूट गाळ्याचा तो पूल आजही उभा आहे.

एडवर्ड्सची भोके आणि कोहळ्याचा सांडवा यांत मला एकच बुद्धी दिसते. दोघांनाही कोणत्या विद्यालयाने शिकवले नव्हते. चुकलेले बांधकाम हाच त्यांचा गुरू. जिथे जोर येतो तिथे आणखी दगड-माती न घालता थोडी मोकळीक ठेवावी, हे दोघांना उमगले. तरीही तुलना करायचीच तर टीकाकाराने हात आखडता घेऊ नये. एडवर्ड्सचा पूल पाहायला अप्रतिम, पण चढ इतका उभा की गाड्या ओढताना जनावरांची दमछाक होई. म्हणून १८५७ साली त्याच्या शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. नवेगावच्या पाण्याला असा शेजारी लागला नाही. सौंदर्य आणि उपयोग यांचे भांडण तेथे झालेच नाही.

६

स्तुती येथवर ठीक. पण दोष न दाखवणारी समीक्षा ही आरती होते.

पहिला दोष असा, की आपण ‘कोहळ्यांनी बांधले’ म्हणतो तेव्हा जागा निवडणाऱ्याचे आणि खर्च करणाऱ्याचे नाव घेतो. टोपल्या वाहिल्या कोणी? इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी दिली, आणि तलाव त्या मालकीचा भाग झाला. तलावाचे पाणी वाटण्याचा अधिकार हा गावावर सत्ता चालवण्याचा अधिकार होता. ज्याच्या हाती पाळ, त्याच्या हाती पीक. पाण्यात उतरून मासे धरणारा ढीवर पाण्याला सर्वांत जवळचा, पण पाण्याविषयीच्या निर्णयापासून सर्वांत दूर राहिला. पवनीच्या खांबावर दात्याचे नाव आहे आणि पाथरवटाचे नाही, हे आपण वर पाहिले. पाळीच्या बाबतीतही गोष्ट एक पायरी खाली तीच आहे.

दुसरा दोष या वास्तूच्या प्रकृतीतच आहे. दगडी देऊळ दुर्लक्षिले तरी पाचशे वर्षे उभे राहते. मातीचा तलाव दरवर्षी थोडा थोडा बांधावा लागतो. गाळ काढायचा, तो शेतात टाकायचा, पाळीतली बिळे बुजवायची, सांडवा मोकळा ठेवायचा. म्हणजे त्याचा स्थपती मरून चालत नाही. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी ती जागा घ्यावी लागते.

१९५० च्या कायद्याने त्या वेळच्या मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली, आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण मालगुजार गेला तेव्हा त्याच्या मालकीबरोबर त्याची जबाबदारीही गेली, आणि ती उचलायला गावाला कोणी बोलावले नाही. पूर्वी निस्ताराच्या हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी बसली. लोक म्हणाले, पाणी आमचे, पट्टी कसली? सरकार म्हणाले, पट्टी नाही तर दुरुस्ती कसली? पुढे शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. या वाटणीत गाळ मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. तो तलावातच साचत राहिला. काठच्या उथळ जमिनीवर अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे पाण्यात शिरली.

त्याच वैनगंगेवर, त्याच पवनीजवळ, २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. ३७२ कोटींचा म्हणून आरंभलेला प्रकल्प हजारो कोटींवर गेला, आणि गावेच्या गावे उठली. मोठ्या धरणाची गरजच नव्हती असे मी म्हणणार नाही. पण वास्तू म्हणून दोहोंची तुलना व्हायलाच हवी. एक पाणी माणसांना उठवून साठते; दुसरे माणसांच्या वस्तीसाठी साठले होते. एकाचा दरवाजा उघडण्याचा हुकूम दूरच्या कचेरीतून येतो. दुसऱ्याची पाळ फुटू लागली तर रात्री गाव कंदील घेऊन धावत असे.

आशेला जागा नाही असे नाही. गेल्या काही वर्षांत भंडारा-गोंदियाकडच्या काही गावांत ढीवरांच्या सहकारी संस्थांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी तलावांतले बेशरम उपटून काढले, नांगरट केली, आणि पूर्वी आपोआप उगवणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांच्या आडोशाला नाहीसे होत चाललेले देशी मासे परतू लागले. ज्यांना आजवर पाळीवर बसून हुकूम सोडता आला नाही, त्यांनी पाण्यात उतरून स्थपतीची रिकामी जागा घेतली आहे. कोलू पाटलाच्या परंपरेतला हा नवा अध्याय मला त्याच्या देवपणाहूनही मोलाचा वाटतो, कारण येथे काम करणाऱ्याला काम करीत असतानाच ओळखण्याची संधी आहे. शेंदूर लावण्यासाठी तीनशे वर्षे थांबायला नको.

वास्तुकलेची व्याख्या ताणून पाहावी, असे आरंभी म्हटले. ती ताणल्यावर जे हाती आले ते असे : वास्तू म्हणजे माणसाने आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी धरून ठेवलेली जागा. देवळाने ती देवासाठी धरली, किल्ल्याने राजासाठी. भंडाऱ्याच्या पाळीने ती हस्ताच्या त्या पंधरा दिवसांसाठी धरली, जेव्हा लोंबी पाण्याची वाट पाहत उभी असते. या कसोटीवर लावून पाहिले, तर पाळ देवळाच्या पंगतीला बसते. आणि मग ती फुटू देणे, गाळाने भरू देणे, हे एखाद्या जुन्या देवळाचा कळस उतरवून विकण्याइतकेच लाजिरवाणे ठरते.